धुरातील कणांची मोजदाद

पूर्वी घरोघरी काजळ धरण्याची रीत होती. एरंडेलाचा दिवा लावून त्याच्या ज्योतीवर काशाची वाटी पालथी धरीत. थोड्या वेळाने वाटीच्या आत काळीभोर, मखमलीसारखी मऊ पूड जमे. ती तुपात खलून डबीत भरून ठेवीत. ही पूड चिमटीत घेऊन कितीही चोळली तरी तिच्यात दाणा म्हणून बोटाला लागत नसे. पिठाचा कण बोटाला कळतो, हळदीचाही कळतो. परंतु काजळीचा कण किती मोठा, या प्रश्नाला बोटाजवळ उत्तर नाही. ते डोळ्याजवळ नाही, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असलेल्या सूक्ष्मदर्शकाजवळही नाही.

डिझेलवर चालणाऱ्या गाडीच्या मागील नळीतून, जिला सर्वसाधारणपणे लोक सायलेन्सर म्हणतात, जो काळा धूर निघतो, त्यातही हीच काजळी असते. इंजिनाच्या नळकांड्यात हवा जोराने दाबली म्हणजे ती अतिशय तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो पेट घेतो. परंतु फवाऱ्याच्या गाभ्यापर्यंत पुरेशी हवा वेळेवर पोहोचत नाही. तेथील इंधन पुरते जळत नाही आणि त्यातील कार्बनचे अतिसूक्ष्म गोळे बनतात. असा एक गोळा साधारणतः २० ते ३० नॅनोमीटर व्यासाचा असतो. मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले, तर त्यांतील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. माणसाच्या डोक्यावरील केसाची जाडी सुमारे ६०,००० नॅनोमीटर असते. म्हणजे असे दोन हजारांहून अधिक गोळे एका ओळीत मांडावेत, तेव्हा कोठे केसाची रुंदी भरेल. हे गोळे मात्र सुटे राहत नाहीत. एकमेकांवर आदळून ते चिकटतात आणि त्यांचे वेडेवाकडे घोस तयार होतात. असा घोस पुष्कळदा १०० नॅनोमीटरच्या आसपास असतो.

इतकी लहान वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकातून नीट दिसत नाही, त्याचे कारण भिंगाच्या दोषात नसून प्रकाशाच्या स्वभावात आहे. दृश्य प्रकाशाच्या लहरींची लांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. समुद्राची मोठी लाट पाण्यात रोवलेल्या बारीक काठीवरून जाते, तेव्हा तिला काठीचा पत्ताही लागत नाही. तीच लाट एखाद्या धक्क्यावर आदळली म्हणजे पलीकडचे पाणी शांत राहते आणि मध्ये काहीतरी उभे आहे हे कळते. काजळीचा कण प्रकाशाच्या लाटेपुढे त्या काठीसारखा आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्याचे चित्र मिळते, हे खरे. परंतु त्यासाठी कण जाळीवर पकडून निर्वात पेटीत ठेवावे लागतात. धावत्या गाडीतून दर सेकंदाला बाहेर पडणाऱ्या अगणित कणांची गणती त्या मार्गाने होणे शक्य नाही.

मग एवढा खटाटोप करावा तरी कशासाठी? धूर वाईट हे सर्वांना ठाऊकच आहे. त्यातील कणांची मापे घेऊन अधिक काय कळणार? याचे उत्तर माणसाच्या श्वसनमार्गात आहे. हवेबरोबर आत गेलेल्या कणाचे पुढे काय होते, हे बव्हंशी त्याच्या मापावरच ठरते. मोठे कण नाकातील केसांत आणि ओलसर अस्तरावर अडकतात. शिंकेबरोबर किंवा कफाबरोबर ते बाहेरही पडतात. लहान कण घशाच्या खाली उतरतात. त्यांहून लहान कण थेट फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत जातात. तेथे हवा आणि रक्त यांच्यामध्ये केवळ एक अत्यंत पातळ पडदा असतो. डिझेलच्या काजळीचे पुष्कळसे कण या शेवटच्या वर्गात मोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेल इंजिनाचा धूर माणसाला कर्करोग करणारा आहे, असे जाहीर केले. म्हणून नळीतून किती धूर निघाला एवढे कळून भागत नाही. तो कोणत्या मापाच्या कणांचा बनला आहे, हेही कळावे लागते.

प्रारंभी अनेक वर्षे धूर तोलण्यात येत असे. गाडी प्रयोगशाळेत आणून तिची चाके मोठ्या रुळांवर ठेवतात. चाके फिरतात, रूळ फिरतात, परंतु गाडी जागच्या जागीच राहते. चालक समोरील पडद्यावर आखलेल्या रेषेप्रमाणे गाडी कधी वेगाने तर कधी हळू चालवतो, जणू काही तो गावातून आणि मग हमरस्त्यावरून जात आहे. नळीतून निघणारा धूर एका लांब बोगद्यासारख्या नळात स्वच्छ हवेत मिसळला जातो. या मिश्रणाचा काही भाग ४७ मिलिमीटर व्यासाच्या, चकतीसारख्या गाळणीतून ओढून घेतात. परीक्षेपूर्वी चकती तोलायची, परीक्षेनंतर पुन्हा तोलायची. वजनात जी भर पडली ती धुरातील कणांची. पद्धत सरळ आहे, आणि गाड्या जोवर काळाकुट्ट धूर ओकत होत्या, तोवर तिने आपले काम चोख केले. ती टाकून दिलेली नाही; आजही तिचा उपयोग होतोच.

परंतु तराजूला एक मोठी खोड आहे. समजा, तराजूच्या एका पारड्यात चाळीस सेंटिमीटर व्यासाचा एक लाल भोपळा ठेवला. ज्वारीचा दाणा साधारणतः चार मिलिमीटरचा धरला, तर भोपळ्याचा व्यास त्याच्या शंभरपट होतो. मग दुसऱ्या पारड्यात किती दाणे घातले म्हणजे काटा मध्यावर येईल? शंभर दाणे मुळीच पुरणार नाहीत. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बाजूंनी भोपळा शंभरपट आहे. तेव्हा शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, म्हणजे सुमारे दहा लाख दाणे लागतील. ज्वारीचे एक चांगले पोते त्यात रिकामे होईल. धुरातही नेमके हेच घडते. दहा मायक्रोमीटर व्यासाचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, एक कण आणि १०० नॅनोमीटर व्यासाचे दहा लाख कण तराजूच्या लेखी सारखेच. त्यांतील पहिला बहुधा नाकातच थांबेल. त्या दहा लाखांतील कित्येक कण वायुकोशांपर्यंत पोहोचतील. तराजू मात्र दोघांना एकच आकडा देऊन मोकळा होतो.

हा प्रश्न केवळ तर्काचा नव्हता. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९८८ सालच्या बनावटीचे आणि १९९१ सालच्या बनावटीचे अशी दोन डिझेल इंजिने तपासण्यात आली होती. नव्या इंजिनातून निघणाऱ्या कणांचे वजन जुन्यापेक्षा कमी भरले. तोलणाऱ्याने त्याला शाबासकीच दिली असती. परंतु कणांची संख्या मोजली, तेव्हा ती नव्या इंजिनात कमी होण्याऐवजी कितीतरी पटींनी अधिक निघाली! या एका गोष्टीने अनेक देशांतील शास्त्रज्ञांची झोप उडाली, असे म्हणावयास हरकत नाही. धूर तोलून पुरत नाही; त्यातील कण मोजले पाहिजेत, हे उघड झाले. प्रश्न उरला तो एवढाच, की जे दिसतच नाही ते मोजावयाचे कसे?

त्याचे उत्तर शंभरावर वर्षांपूर्वीच सापडून गेले होते, आणि तेही मोटारीचा विचार न करणाऱ्या एका माणसाला. स्कॉटलंडमधील फॉलकर्क या गावी जॉन एटकेन नावाचे एक शास्त्रज्ञ राहत असत. त्यांचा जन्म १८३९ सालचा. ते शिक्षणाने जहाजांच्या यंत्रांचे अभियंते. परंतु प्रकृतीने साथ न दिल्यामुळे त्यांना तो व्यवसाय करता आला नाही. त्यांनी घरातच प्रयोगशाळा थाटली आणि आपली उपकरणे आपल्याच हातांनी बनविली. धुके आणि ढग कसे बनतात, याचा त्यांना ध्यास लागला होता. एकदा त्यांनी काचेची दोन मोठी पात्रे घेतली. एकात खोलीतील साधी हवा होती. दुसऱ्यात कापसाच्या बोळ्यातून गाळून घेतलेली हवा होती. दोहोंत त्यांनी पाण्याची वाफ सोडली. पहिल्या पात्रात दाट पांढरे धुके भरले. दुसरे पात्र स्वच्छ, पारदर्शकच राहिले. वाफ तेवढीच असूनही त्यात धुके म्हणून उमटले नाही. यावरून एटकेन यांनी असा निष्कर्ष काढला, की थेंबाला बसावयास काहीतरी पाट लागतो, आणि तो पाट म्हणजे हवेतील धुळीचा अदृश्य कण. फ्रान्समध्ये कूलिए या शास्त्रज्ञाला १८७५ साली अशीच गोष्ट आढळली होती. परंतु तिचा पाठपुरावा एटकेन यांनी केला तसा दुसऱ्या कोणी केला नाही.

यातूनच पुढील युक्ती त्यांना सुचली. प्रत्येक थेंबाच्या पोटी एक कण असेल, तर कण न दिसेनात का, थेंब मोजावेत! १८८८ च्या सुमारास त्यांनी त्यासाठी एक उपकरण सिद्ध केले. ओलसर भिंतींच्या एका बंद पात्रात तपासावयाची थोडीशी हवा मोजून घ्यायची आणि तीत पुष्कळशी गाळलेली हवा मिसळायची, म्हणजे कणांची गर्दी कमी होते. मग पंपाचा दट्ट्या झटकन ओढायचा. पात्रातील हवा एकाएकी प्रसरण पावते, थंड होते आणि तीतील बाष्पाचे थेंब कणांवर धरतात. हे थेंब खाली चांदीच्या चकचकीत तबकडीवर पडतात. तबकडीवर मिलिमीटरचे चौकोन आखलेले असतात. भिंगातून पाहून एकेका चौकोनातील थेंब मोजले, की हिशेबाने हवेतील कण कळतात. पाऊस पडत असताना बाहेरच्या एका घनसेंटिमीटर हवेत त्यांना सुमारे ३२,००० कण आढळले. कोरड्या दिवशी १,३०,००० आढळले. आणि खोलीत छताजवळ ५४,२०,०००! हे उपकरण घेऊन एटकेन स्वित्झर्लंडमधील रिगी पर्वतावर गेले, पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर चढले, आणि जेथे गेले तेथील हवा त्यांनी मोजली. एखाद्याने गावोगावचे पाणी चाखत हिंडावे, तसा हा गृहस्थ हवा मोजीत हिंडत असे.

आज गाडीच्या धुरातील कण मोजणारे यंत्र एटकेन यांच्याच तत्त्वावर चालते. पाण्याऐवजी त्यात बहुधा ब्युटॅनॉल नावाच्या अल्कोहोलाचे बाष्प वापरतात. धूर मिसळलेली हवा प्रथम या बाष्पाने भरलेल्या उबदार नळीतून जाते आणि नंतर थंड नळीत शिरते. तेथे प्रत्येक कणावर बाष्प जमू लागते आणि क्षणार्धात काही मायक्रोमीटरचा टपोरा थेंब होतो. थेंब एकामागून एक लेसरच्या किरणासमोरून जातात. प्रत्येक वेळी प्रकाशाची एक चमक उठते आणि यंत्र एक आकडा पुढे सरकवते. चांदीच्या तबकडीची आणि भिंगाची जागा लेसरने घेतली. परंतु कणाला थेंबाचा अंगरखा घालून दृश्य करण्याची युक्ती तीच राहिली.

या यंत्राला एक उणीव होती. लहान कणावर काय किंवा मोठ्या कणावर काय, शेवटी थेंब सारखेच बनतात. किती कण, हे यंत्र सांगते. केवढे कण, हे सांगत नाही. म्हणून थेंब करण्याआधीच कणांची मापानुसार निवड करावी लागते. सुपात धान्य पाखडताना वाऱ्याच्या साहाय्याने फोल आणि दाणा वेगळे होतात. येथे वाऱ्याच्या जोडीला विजेची मदत घेतात. प्रथम कणांना विद्युतभार देतात. लहान कणांपैकी पुष्कळ कोरेच राहतात, आणि ज्यांना भार मिळतो त्यांपैकी बहुतेकांना तो एकाच एककाचा मिळतो. मग त्यांना एका उभ्या नळीत सोडतात. नळीच्या मध्यभागी धातूची दांडी असते आणि तिला उच्च दाबाची वीज जोडलेली असते. दांडीच्या भोवतीने गाळलेली हवा संथपणे खाली वाहत असते. भारित कण दांडीकडे ओढले जातात आणि त्याच वेळी हवेबरोबर खालीही जातात. लहान कणाला हवेचा विरोध कमी. तो लवकर दांडीपाशी पोहोचतो आणि वरच चिकटतो. मोठा कण रेंगाळतो आणि खूप खाली वाहून जातो. दांडीच्या तळाशी एक बारीक फट ठेवलेली असते. विजेचा दाब अमुक ठेवला, तर अमुक मापाचेच कण नेमके त्या फटीपाशी पोहोचतात आणि पुढे थेंबांच्या यंत्रात जातात. दाब काही व्होल्टपासून दहा हजार व्होल्टपर्यंत पायरीपायरीने वाढवत नेला, की प्रत्येक मापाचे कण किती ते एकापाठोपाठ समजते. अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठातील नटसन आणि व्हिटबी या दोन शास्त्रज्ञांनी या नळीचे गणित १९७५ साली प्रसिद्ध केले.

येथे एखादा चिकित्सक विद्यार्थी असे विचारील, की काजळीचा कण तर घोसासारखा वेडावाकडा. मग त्याचा व्यास कोणता धरायचा? लांबीकडून मोजलेला, की रुंदीकडून? शंका रास्त आहे. शास्त्रज्ञांनी त्यावर जो तोडगा काढला, तो मोठा व्यवहारी आहे. या विद्युत्‌नळीतून जाताना ज्या वेगाने तो घोस दांडीकडे सरकतो, त्याच वेगाने सरकणारा गुळगुळीत गोल कल्पावयाचा आणि त्या गोलाचा व्यास हाच घोसाचा व्यास मानावयाचा. हवेने केलेल्या विरोधावरून ठरविलेले हे माप आहे. कागदाचा बोळा आणि तोच कागद सपाट, असे दोन्ही गच्चीवरून सोडले तर वजन तेच असूनही दोघे वेगवेगळ्या वेळी जमिनीवर येतात. हवेच्या लेखी ती दोन वेगळी मापे आहेत. घोसाची उंची-रुंदी आतापर्यंत कोणी फूटपट्टीने मोजलेली नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

याहूनही अवघड पेच पुढे उभा राहिला. इंजिनातून निघालेल्या धुरात केवळ काजळी नसते. न जळलेल्या इंधनाची, वंगणाची आणि गंधकाम्लाची बाष्पेही असतात. धूर गरम असेपर्यंत ती वायुरूपच राहतात. थंड होताच त्यांचे अतिसूक्ष्म थेंब बनतात, आणि यंत्र त्यांनाही कण म्हणून मोजते. थंडीच्या पहाटे तोंडातून वाफ निघते; ती तोंडात नव्हती, बाहेरच्या गार हवेने ती बनविली. त्याचप्रमाणे धुरात थंड हवा किती आणि कशी मिसळली, यावर या थेंबांची संख्या बदलते. एकच गाडी, एकच इंजिन, एकच इंधन. तरी आज मोजले तर एक आकडा आणि उद्या जरा वेगळ्या रीतीने हवा मिसळली तर त्याच्या कितीतरी पट आकडा! १९९६ च्या अभ्यासाने उडालेल्या खळबळीनंतर हे अधिकाधिक स्पष्ट होत गेले. ज्या मोजणीचा आकडा माणसागणिक बदलतो, तिच्या आधारावर कायदा कसा करावा?

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या आश्रयाने निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी एकत्र येऊन यावर तोड काढली. मोजण्यापूर्वी धूर गरम हवेत मिसळावयाचा, मग ३०० ते ४०० अंश सेल्सियस तापविलेल्या नळीतून न्यावयाचा, म्हणजे बाष्पापासून बनलेले थेंब विरून जातात; आणि पुन्हा स्वच्छ हवा मिसळून उरलेले घन कण तेवढे मोजावयाचे. २३ नॅनोमीटरहून लहान कण गणतीत धरावयाचे नाहीत, असेही ठरले. ही चाळण लावणे सोपे होते. कण जितका लहान, तितके त्याच्यावर थेंब धरणे अवघड. म्हणून थेंबांच्या यंत्रातील उबदार आणि थंड नळ्यांच्या तापमानातील अंतर कमी केले, की अगदी बारीक कण आपोआप वगळले जातात. अशा मोजणीने आकडे प्रयोगशाळेगणिक बदलेनासे झाले. मात्र २३ नॅनोमीटर ही सीमा निसर्गाने आखलेली नव्हती. ती माणसांनी मोजणीच्या सोयीसाठी आखली होती. वायुकोशांना तो नियम ठाऊक नाही. २०२४ साली युरोपीय संघाने संमत केलेल्या नव्या नियमांत ही सीमा १० नॅनोमीटरवर आणण्यात आली.

युरोपात २०११ पासून डिझेलच्या नव्या मोटारींना कणांच्या संख्येची मर्यादा लागू होऊ लागली: एक किलोमीटर अंतरात साठ हजार कोटी कण, त्याहून अधिक नाहीत. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे नियम आले, आणि डिझेल मोटारींना हीच मर्यादा लागू झाली. साठ हजार कोटी हा आकडा ऐकून छाती दडपते. परंतु गाळणी नसलेल्या जुन्या डिझेल मोटारीतून याच्या वीसपट ते शंभरपट कण सहज बाहेर पडत. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तेथे नव्या गाड्या रुळांवर चालवून त्यांच्या धुराची अशी परीक्षा घेतली जाते.

ही मर्यादा पाळण्यासाठी डिझेल मोटारींच्या नळीत चिनी मातीसारख्या भाजलेल्या पदार्थाची गाळणी बसविण्यात येते. तिला मधाच्या पोळ्याप्रमाणे असंख्य नळ्या असतात. एका नळीचे पुढचे तोंड बंद, तर तिच्या शेजारणीचे मागचे. त्यामुळे धुराला नळ्यांच्या मधील सच्छिद्र भिंतीतून जावेच लागते. आता गंमत अशी, की या भिंतीतील छिद्रे सुमारे दहा ते वीस मायक्रोमीटरची असतात, म्हणजे काजळीच्या कणाच्या शंभरपट मोठी! वाड्याच्या दरवाजातून मुंगी निघून जावी, तसा कण निघून जावयास हवा. तो जात नाही. हवेचे रेणू त्याला चहूकडून सतत धक्के देत असतात आणि त्यामुळे तो सरळ न जाता झिंगल्यासारखा वेडावाकडा भटकतो. पाण्यातील सूक्ष्म कणांची अशीच थरथर रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८२७ साली दिसली होती. भटकता भटकता कण भिंतीला टेकतो आणि टेकला की चिकटूनच बसतो. जितका कण लहान, तितके त्याचे भटकणे अधिक. म्हणून सर्वांत बारीक कणच सर्वांत सहज पकडले जातात. साधारणतः १०० ते ३०० नॅनोमीटरच्या दरम्यानचे मधले कण मात्र चुकार; ते फारसे भटकत नाहीत आणि भिंतीवर आदळण्याइतके जडही नसतात. पुढे पकडलेल्या काजळीचाच थर साचतो आणि तो त्यांनाही अडवू लागतो. थर फार वाढला म्हणजे इंजिन धूर अधिक तापवून तो जाळून टाकते.

गाळणी शाबूत असेल, तोवर हे सारे ठीक चालते. पण तिला तडा गेला तर? किंवा दुरुस्तीचा खर्च नको म्हणून मालकाने ती काढूनच टाकली तर? प्रयोगशाळेतील परीक्षा गाडीचा नमुना नवा असताना होते. रस्त्यावर गाडी पुढे कित्येक वर्षे धावते. भारतात आणि इतर अनेक देशांत रस्त्यावरील डिझेल गाड्यांची तपासणी धुराचा काळेपणा पाहून केली जाते. धुरातून प्रकाश सोडून तो पलीकडे किती पोहोचला, हे त्यात मोजतात. जुन्या, धुरकट गाड्यांना ती योग्यच होती. परंतु आधुनिक इंजिनाची गाळणी फुटली, तरी निघणारा धूर बहुधा डोळ्यांना दिसण्याइतका काळा नसतो, आणि ते यंत्र जवळजवळ शून्यच दाखविते.

म्हणून नेदरलँड्स या देशाने १ जानेवारी २०२३ पासून नवी रीत सुरू केली. तेथे गाळणी बसवलेली डिझेल मोटार ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीसाठी गॅरेजात आली, की कारागीर इंजिन जागच्या जागी सुरू ठेवतो आणि एक बारीक नळी मागे सायलेन्सरात सरकवतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला हाताने उचलता येईल एवढे यंत्र असते. अशी बरीचशी यंत्रे कणांना विद्युतभार देतात आणि त्या भारामुळे वाहणारा अतिसूक्ष्म प्रवाह मोजून कणांची संख्या ठरवितात. एका घनसेंटिमीटरात दहा लाखांहून अधिक कण निघाले, तर गाडी नापास होते.

अशा गॅरेजात दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या आहेत, असे समजावे. दोहोंच्या नळीपुढे पांढरा रुमाल धरला, तर दोन्ही रुमाल पांढरेच राहतात. वासातही फारसा फरक नाही. पहिल्या मोटारीपुढे यंत्र काही हजारांचा आकडा दाखविते. गाळणी चांगली असेल तेव्हा नळीतून निघणारा धूर कित्येकदा गॅरेजातील हवेहूनही विरळ कणांचा असतो. कारागीर नळी काढून दुसऱ्या मोटारीला लावतो. आकडा एक लाखावर जातो, पाच लाखांवर जातो, दहा लाख ओलांडतो आणि वरच चढत राहतो. कारागीर इंजिन बंद करतो, मालकाला बोलावतो आणि गाडी वर उचलून गाळणीचे आवरण उघडू लागतो.